पिवळ्याला लवंग

३ मार्च, सोमवार

बत्तीस! बत्तीस नवे रंग, बत्तीस नवी नावं, आणि मुदत अठ्ठावीस तारखेची. साहेबांनी रंगकार्डांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला, त्यावर आपली लाडकी फूटपट्टी ठेवली आणि म्हणाले, "बाई, या खेपेला 'सोनेरी सकाळ' नको. 'शांत आकाश' तर मुळीच नको." शांत आकाश गेल्या वर्षीचं. त्याच्या आदल्या वर्षी निवांत आकाश. त्याच्या आधी मंद आकाश! त्यांचं चुकतंय असं म्हणायला मला तोंड नाही.

नाही जमलं तर नावांचं काम बाहेरच्या जाहिरातवाल्यांकडे, आणि मी खाली गोदामात, डब्यांवर पत्ते चिकटवायला. हे त्यांनी फूटपट्टीकडे बघत सांगितलं.

अकरा वर्षं करतेय हे. परवा बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, काय करता? म्हटलं, भिंतीच्या रंगांना नावं ठेवते. ती म्हणाली, "आमच्या सासूबाईपण तेच करतात, पण फुकट!" खूप हसले. घरी येऊन आठवलं, पहिल्या वर्षी मीच 'मागच्या बाकावरचा निळा' लिहिलं होतं. ती मुलगी कुठे गेली कोण जाणे. डोकं पार कोरडं पडलंय, आणि मला भीती वाटते.

४ मार्च, मंगळवार

दिवसभरात एक नाव. 'हिरवट'. खोडलं.

६ मार्च, गुरुवार

रंगवाली — खाली प्रयोगशाळेत रंगाचे नमुने घोटते ती — डबा खाताना म्हणाली, "अगं, कुठल्याशा मासिकात वाचलं. वासाने म्हणे डोकं चालायला लागतं. लिंबू हुंगलं तरी कल्पना सुचतात." मी म्हटलं, तू तर दिवसभर थिनर हुंगतेस, तुला काय सुचतं? "नोकरी सोडायचं," म्हणाली.

पण करून बघायला काय जातंय? घरी आल्या आल्या प्रयोग. पिवळं कार्ड समोर, हातात लिंबू. नावं — 'लिंबू', 'पिकलं लिंबू', 'अर्धं लिंबू'. तपकिरी कार्ड, कॉफीची बरणी. नाव — 'कॉफी'. वा! काय ही प्रतिभा!

मात्र पेन्सिलीला टोक काढताना एक गंमत झाली. भुशाचा वास आला आणि चौथीतल्या वर्गशिक्षिकांचं मनगट दिसलं, घड्याळाच्या पट्ट्यासकट. तीस वर्षांत आठवलं नव्हतं. म्हणजे आत काहीतरी हलतं. कसं हलतं, ते मला कळलंच पाहिजे.

८ मार्च, शनिवार

काखेत कळसा आणि गावभर शोधतेय मी! माझे वडील आप्पा घरात आहेत की.

छत्तीस वर्षं साबणाच्या कारखान्यात वास तपासले त्यांनी. प्रत्येक घाण्यातली पहिली वडी त्यांच्या नाकाखालून जायची. कामगार त्यांना 'नाकसाहेब' म्हणत. आठ महिन्यांपूर्वी माझ्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांची वासांची लाकडी पेटीही आली. माळ्यावर तशीच पडून होती.

विचारलं. पेपर खाली न करताच म्हणाले, "ते सगळं जुनं झालं." मी म्हटलं, माझी नोकरी टांगणीला लागलीय, आप्पा. पेपर खाली आला. "पेटी काढ."

काय पेटी आहे! हिरव्या मखमलीत चार ओळी, चाळीस बाटल्या. चिठ्ठ्यांवरची अक्षरं तेल झिरपून पुसली गेलीत. "चिठ्ठ्या कशाला हव्यात?" आप्पा म्हणाले. "पहिली ओळ फळांची, दुसरी फुलांची, तिसरी पानांची, चौथी मसाल्यांची. अंधारातही काढून देईन." किती दिवसांनी त्यांचा असा आवाज ऐकला!

९ मार्च, रविवार

पद्धत ठरली. मी रंगकार्ड पुढे ठेवायचं. आप्पांनी त्या रंगाला शोभेल असा वास निवडायचा, पण मला नाव सांगायचं नाही. जाड कागदाची पट्टी बुडवायची, जरा हवेत हलवायची, मग मला द्यायची. मी डोळे मिटून हुंगायचं, मग डोळे उघडून रंगाकडे बघायचं. तीन वास झाले की स्वतःच्या बाहीत नाक खुपसायचं, म्हणजे नाक पुन्हा कोरं होतं. "पाटी पुसल्यासारखं," आप्पा म्हणाले.

पहिलं कार्ड — फिकट पिवळं. लिंबूच देणार, मनात म्हटलं. पट्टी नाकाशी धरली तर लवंग! झणझणीत, कडू, दातांच्या दवाखान्यातली. डोळे उघडले. समोर ते भोळं पिवळं. आणि एकदम आलं — 'शाळा सुटायला पाच मिनिटं'. का? देव जाणे. पण तोच रंग होता तो, भिंतीवर पडलेल्या उन्हाचा, आणि माझी दाढ दुखत होती, आणि घड्याळ हलत नव्हतं.

धुरकट गुलाबीला पुदिना. नाव — 'पाहुणे गेल्यावर'. करड्याला गुलाब! नाव — 'खडूस मावशी हसली'. मीच हसत सुटले. आप्पा बघत होते. "जमलं का?" म्हटलं, आप्पा, धावतंय.

११ मार्च, मंगळवार

सहा झाली. तपकिरीला संत्रं — 'धाकटीचे बूट'. पांढऱ्याला काहीतरी ओलं, मातकट — 'उत्तर न आलेलं पत्र'. रंगवालीला ऐकवलं. घोटायची पळी तशीच हातात धरून म्हणाली, "अगं, मला ती भिंत दिसली."

धाकटीचा फोन. बुटांचं सांगितलं तर रागावली. मग नेहमीचं — "आप्पा जेवतात का? आई गेल्यापासून अन्नावरची वासनाच उडालीय त्यांची. त्या मनाच्या डॉक्टरकडे पुन्हा ने ना, ताई." म्हटलं, सध्या तेच माझे डॉक्टर आहेत. खरंच सांगते, परवापासून ताठ बसतात. पाच वाजले की हात धुऊन पेटीशी हजर! अंघोळ मात्र दिवसातून तीनदा चालू आहे. टाकी रिकामी करतात.

१४ मार्च, शुक्रवार

आज एक विचित्र गोष्ट. निळ्या कार्डासाठी पट्टी देताना आप्पांच्या तोंडून निसटलं, "हे घे, थंडगार. कापूर आणि पुदिन्याच्या मधलं." मी हुंगलं तर ठार दालचिनी. मी त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. लबाड! मुद्दाम फसवतात. वास एक, बोलणं दुसरं, रंग तिसरा — म्हणजे माझ्या डोक्याला कोलांटी मारायलाच लागते.

माझा आता एक सिद्धांत आहे. (सिद्धांत! मॅट्रिकला विज्ञानात काठावर सुटलेली मी!) रंगाला शोभणारा वास दिला की डोकं म्हणतं, झालं, जुळलं, आणि झोपतं. न शोभणारा दिला की ते बेचैन होतं, दोघांच्या मधली गोष्ट शोधत सुटतं. आप्पांना हे सगळं माहीत असणार. छत्तीस वर्षं उगाच नाही काढली.

दालचिनी अधिक निळा — 'दुपारी बंद दुकान'. अकरावं.

१८ मार्च, मंगळवार

एकोणीस! साहेबांना नेऊन दिली. त्यांनी पहिली तीन वाचली आणि फूटपट्टी खाली ठेवली. "घराच्या भिंतीला खडूस मावशी लावायची, बाई?" माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांनी ते पुन्हा वाचलं, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "आमची एक होती तशी." एकोणीसच्या एकोणीस पास!

मग विचारलं, कसं काय? मी आनंदाच्या भरात सगळं सांगून बसले. आप्पा, पेटी, उलटे वास. साहेब म्हणाले, अठ्ठावीसला मालक येणार आहेत, त्यांना हे दाखवा. वडिलांना घेऊन या. मालकांना पद्धत पटली तर हे काम कायम तुमचं, बाहेर जाणार नाही.

उड्या मारत घरी आले. आप्पांना म्हटलं, "काय डोकं आहे तुमचं! पिवळ्याला लवंग, करड्याला गुलाब — सगळे मुद्दाम उलटे दिलेत ना?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "उलटे?" मग हळूच, "पिवळ्याला काय दिलं होतं मी?"

"लवंग."

उठले आणि अंघोळीला गेले. आजची चौथी. जेवायला आले नाहीत. दाराआडून म्हणाले, "अठ्ठावीसला मी येणार नाही. तुझी तू जा."

१९ मार्च, बुधवार

धाकटीला फोन केला. पेटी कोणी बांधली होती सामानाबरोबर? "मीच. बाटल्या काढून पुसल्या, मग बसतील तशा लावल्या. का गं?"

बसतील तशा!

आप्पा ओळ बघून बाटली काढत होते. पहिली फळांची, चौथी मसाल्यांची. बाटलीतलं काय आहे हे नाकाला कळत असतं तर पहिल्याच दिवशी म्हणाले नसते का — अरे, ही पेटी कोणी लावली? छत्तीस वर्षांचं नाक. नाकसाहेब.

आणि मग मी एक गोष्ट केली. लिहायला लाज वाटते, पण इथे नाही तर कुठे लिहू? मला नक्की कळायला हवं होतं. स्वस्थ बसवेना. नव्या पट्टीवर नळाचं पाणी घेतलं आणि त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, आप्पा, हा कसला वास, मला ओळखू येत नाहीये. त्यांनी पट्टी बोटांत फिरवली. नाकाशी नेली. डोळे मिटले. सावकाश श्वास घेतला, पूर्वी घ्यायचे तसा, मान थोडी तिरपी करून.

"गुलाब," म्हणाले. "उत्तम प्रतीचा."

२० मार्च, गुरुवार

मी नीच आहे.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी चहा दिला आणि सांगून टाकलं. "आप्पा, परवा पट्टीवर पाणी होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तेल असतं तर बोट चिकट झालं असतं."

"मग गुलाब का म्हणालात?"

"तुझा चेहरा बघवेना. म्हटलं, हिला काहीतरी हवंय, देऊन टाकावं."

मग बोलले. चहा गार होईपर्यंत बोलले. तीन वर्षं झाली. आई जायच्या सहा महिने आधी तो मोठा ताप आला होता, आठ दिवसांचा. ताप उतरला, वास गेला तो गेलाच. आधी वाटलं सर्दी आहे. मग वाटलं येईल परत. कोणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. "नाकसाहेबाचं नाक गेलं, हे कोणत्या तोंडाने सांगू?" जेवताना कापूस चावल्यासारखं वाटतं. आम्ही सगळे म्हणत राहिलो, दुःखाने जेवत नाहीत. मनाच्या डॉक्टरकडे नेलं, त्याला यांनी काहीच सांगितलं नाही. हसू आलं आणि रडूही. अडीच वर्षं आम्ही भलत्याच दुखण्यावर फुंकर घालत होतो!

"आणि अंघोळी?" मी विचारलं.

खाली बघून म्हणाले, "मला कसं कळणार गं? माझ्या अंगाला वास येत असला तर? म्हातारा माणूस, मुलीच्या घरात."

मी जवळ जाऊन त्यांच्या मानेशी हुंगलं. "साबणाचा येतो, आप्पा. नुसता साबणाचा." ते रडले. त्यांना रडताना मी आईच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं. मीही रडले.

२३ मार्च, रविवार

तेरा नावं उरलीत. पेटी बंद आहे. आप्पा तिच्याकडे बघत नाहीत, आणि म्हणायची माझी हिंमत नाही.

स्वतः करून पाहिलं. हिरवं कार्ड, मुद्दाम गुलाब. काही नाही! कारण मला माहीत होतं गुलाब येणार. डोळे मिटून बाटली उचलली तरी हाताला कळतं, ही कालचीच, हिचं बूच सैल आहे. रंगवालीकडून पट्टी बुडवून घेतली तर ती बाटली उघडून आधी स्वतः हुंगते आणि "ई!" करते. झालं, वाटोळं!

पण यातून जे कळतंय ते मला छळतंय. ते उलटे वास हुशारीने दिलेलेच नव्हते. आप्पांना खरोखर वाटत होतं की पिवळ्याला लिंबू दिलंय. माझ्यासाठी ते मनापासून, विचार करून, शोभेल तेच निवडत होते. लिंबाच्या भरवशावर लवंग देत होते. नुसती चिठ्ठी काढल्यासारखं ते नव्हतं. ठरवून तसं करता येईल का? दुसऱ्या कोणाला येईल? मला नाही वाटत.

हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? की आप्पा, तुमचं नाक गेलंय, तेच मला हवंय?

२५ मार्च, मंगळवार

सांगावं लागलं नाही. संध्याकाळी पाच वाजता हात धुऊन आले आणि पेटी उघडली. मखमलीवरून बोट फिरवत म्हणाले, "धाकटीने सगळा घोळ घातलाय म्हणतेस. कुठे काय आहे, मला सांगू नकोस. सांगितलंस तर खेळ संपला."

"आप्पा —"

"दोन दिवस विचार करतोय. तिखट नाक असलेला माणूस हे करूच शकत नाही. त्याला लगेच कळेल, चुकलं. तो दुरुस्त करेल." आणि मग, एक पट्टी उचलत, "आयुष्यभर दुरुस्तच केलं मी. कार्ड ठेव."

ठेवलं.

२६ मार्च, बुधवार

काल चार, आज सहा. गडद हिरव्याला व्हॅनिला — 'आजोबांचा रेनकोट'. जांभळ्याला निलगिरी — 'तापातलं स्वप्न, पण चांगलं'. शेंदरीला कापूर — 'माफी मागायला आलेली'. ते नाव ऐकून आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी बाहीत नाक खुपसलं.

तीन उरली. अठ्ठावीसचं ते काही बोलत नाहीत, मीही विचारत नाही. रात्रीची भाकरी मागून घेतली, म्हणाले चव नाही पण कुरकुरीत लागते.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी बघते तर कोट घालून दारात उभे! पेटी काखेत. "चल, उशीर होईल."

मोठी खोली, लांब टेबल. मालक, साहेब, आणखी दोघे. मी बोलायला उभी राहिले. मी ठरवलं होतं, खोटं बोलायचं. म्हणणार होते की वडील मुद्दाम उलटे वास निवडतात. त्यांचं नाक राखायचं.

आप्पांनी मला हाताने बसवलं. म्हणाले, "मी छत्तीस वर्षं साबणाचे वास तपासले. आज मला कशाचाही वास येत नाही. तीन वर्षं झाली. म्हणून बाटल्या मी निवडतो." एवढंच. माझी मान खाली होती, पण शरमेने नाही. मला इतका अभिमान वाटत होता की वर बघितलं असतं तर रडले असते.

मालकांनी विचारलं, कोणीही करू शकतं? आप्पा म्हणाले, बघा करून. राखी कार्ड ठेवलं, बाटली काढली, पट्टी हलवली आणि सरळ साहेबांपुढे धरली! साहेबांनी हुंगलं. कार्डाकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाले.

"सांगा की," मालक म्हणाले.

"गणिताच्या बाई," साहेब फूटपट्टी चाचपत म्हणाले. "म्हणजे... त्या रुमालाला काहीतरी लावायच्या." सगळे इतके हसले! मालकांनी ते नाव स्वतःच्या हाताने यादीत लिहिलं. मग उरलेल्या दोन कार्डांसाठी त्यांनाही पट्ट्या हव्या झाल्या, लहान मुलांसारखे हट्टाला पेटले.

बत्तीस पूर्ण. काम माझ्याकडेच. साहेब दारापर्यंत सोडायला आले आणि आप्पांना म्हणाले, पुढच्या वर्षीही यायचं. आप्पा म्हणाले, "बघू, तोवर नाक परत आलं तर मी बाद." बसमध्ये पेटी मांडीवर घट्ट धरून बसले होते. घरी आल्यावर पेटी पुसून ठेवली आणि म्हणाले, "तुझं काम झालं ते उत्तम. मला एकदा तरी यायला हवा होता गं, एखादा."

२९ मार्च, शनिवार

आप्पा दुपारभर झोपले. अंघोळ एकदाच.

३० मार्च, रविवार

सकाळी दूध घेऊन वर येत होते तर जिन्यात कसला तरी वास. ओळखू येईना. आप्पांना सहज म्हटलं. त्यांनी पेपर ठेवला. "कसला? नीट सांग. नावं ठेवतेस ना, मग सांग." मी पुन्हा जिन्यात गेले, हुंगलं, परत आले. म्हटलं, आधी ओला वाटतो, पावसात राहिलेल्या चपलेसारखा. मग गोडसर, पण खायचा गोड नाही. कोमट आहे. जनावर असावं पण जवळपास नसावं, तसा. घशाला जरा चिकटतो. त्यांनी डोळे मिटले होते. "शेवटी? शेवटी काय उरतं?" म्हटलं, लाकूड. नवं नाही, खूप हात लागलेलं.

आप्पांची मान तिरपी झाली. नाकपुड्या हलल्या, खरंच हलल्या. "सरस," म्हणाले. "सुताराचा, लाकूड चिकटवायचा. कोणीतरी सरस उकळतंय, आणि आच जास्त आहे. आला. आला गं मला!"

मी खाली धावले. तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरूंनी दार उघडलं. आत एक मोडकी आरामखुर्ची उलटी ठेवली होती, शेजारी स्टोव्ह, त्यावर सरसाचं भांडं. मी म्हटलं, वडील सांगतायत, आच जरा कमी करा.